फ्लामेंको ऐकताना आणि पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनच्या प्रवासाला निघालेले परिचित, कथक शिकणाऱ्या मुली आणि शास्त्रीय संगीताच्या मैफलींना नेमाने जाणारे रसिक गेली अनेक वर्षे मला फ्लामेंकोविषयी जे प्रश्न विचारत आले आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना एक आग्रह मी सोडलेला नाही. फ्लामेंको हा मुळात गाण्याचा प्रकार आहे, नृत्य त्या गाण्याच्या पोटी जन्मले आहे, आणि जो केवळ नर्तकीच्या पायांकडे पाहत राहतो त्याच्या हाती या कलेचा अर्धा भागही लागत नाही.

फ्लामेंको हे नृत्य आहे की संगीत?

दोन्ही आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. गाण्याला ‘कांते’, गिटारवादनाला ‘तोके’ आणि नृत्याला ‘बाइले’ म्हणतात, आणि जाणकार मंडळी नावे बहुधा याच क्रमाने घेतात. टाळ्यांची साथ, म्हणजे ‘पाल्मास’, हेही एक स्वतंत्र अंग मानले जाते आणि केवळ टाळ्या देण्यासाठी बसलेले कलाकार त्यात मुरलेले असतात. स्पॅनिश भाषेत गायकाला एरवी वेगळा शब्द आहे. फ्लामेंको गाणाऱ्याला मात्र ‘कांताओर’ म्हणतात. मूळ ‘कांतादोर’ या शब्दातला ‘द’ आंदालुसियाच्या बोलीत गळून पडला आणि बोलीतले तेच रूप कलेचा मानाचा शब्द म्हणून टिकले. वादक तो ‘तोकाओर’, नाचणारा ‘बाइलाओर’ आणि नाचणारी ‘बाइलाओरा’. ज्या फळ्यांच्या मंचावर नाच होतो तो ‘ताब्लाओ’, आणि त्यावरूनच फ्लामेंको सादर करणाऱ्या जागेलाही ताब्लाओ म्हणू लागले.

ही कला कोठे आणि केव्हा जन्माला आली?

स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतात, त्यातही ग्वादालकिवीर नदीच्या खालच्या खोऱ्यात. सेव्हिल शहराचा नदीपलीकडचा त्रियाना हा भाग, हेरेसमधील सांतियागो आणि सान मिगेल या वस्त्या आणि कादिस हे बंदर ही तिची जुनी घरे होत. आज आपण ज्याला फ्लामेंको म्हणतो तो अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आकार घेऊ लागला आणि एकोणिसाव्या शतकात रंगमंचावर स्थिरावला. सेराफिन एस्तेबानेस काल्देरोन या लेखकाने १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्रियानातील एका रात्रीच्या बैठकीचे वर्णन केले आहे. त्यात एल प्लानेता आणि एल फियो हे दोन गायक भेटतात, आणि नावानिशी माहीत असलेल्या अगदी आरंभीच्या गायकांत त्यांची गणना होते.

या कलेची घडण एकाच समाजाची नाही. आंदालुसियात शतकानुशतके अरबी-मूर संस्कृती नांदली. ग्रानादाचे शेवटचे मुस्लिम राज्य १४९२ मध्ये पडले, तरी लोकांच्या गळ्यातले संगीत एका दिवसात बदलत नाही. कास्तिलियन कथागीते, फांदांगोसारखी स्थानिक लोकगीते आणि कादिस बंदरातून आलेले अमेरिका खंडातील व आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ठेके यांचीही त्यात भर पडली. या सगळ्याला एकत्र आणून त्यावर आपला ठसा उमटवण्यात सर्वांत मोठा वाटा हितानो समाजाचा, म्हणजे स्पेनमधील रोमा (जिप्सी) लोकांचा आहे. हे लोक पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोहोचले. १४९९ पासून त्यांच्याविरुद्ध एकामागून एक फर्माने निघाली; भटकंतीवर, भाषेवर आणि वेशावर बंदी आली. ३० जुलै १७४९ रोजी, राजा सहावा फेर्नांदो याच्या काळात, देशभर एकाच वेळी धरपकड करून हजारो हितानोंना कैद केले गेले. पुरुषांना नौदलाच्या गोद्यांत कामाला जुंपले, बायका-मुलांना वेगळे डांबले, आणि पुष्कळांची सुटका व्हायला वर्षे लागली. जुन्या गाण्यांत तुरुंग, बेड्या, आई आणि ताटातूट हे विषय इतक्या वेळा का येतात, याचे उत्तर या इतिहासात आहे.

फ्लामेंको भारतातून गेला, असे म्हणतात. ते खरे आहे का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघाले, याविषयी भाषेचा पुरावा निःसंदिग्ध आहे. रोमानी ही भारतीय-आर्य कुळातील भाषा आहे. तिच्यात पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, कानाला ‘कान’, माणसाला ‘मानुष’ आणि दिवसाला ‘दिवेस’ म्हणतात. मराठी माणसाला यातला एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. स्पेनमधील हितानोंच्या बोलीचे नाव ‘कालो’ आहे, आणि तो आपला ‘काळा’ हाच शब्द आहे. हे पहिल्यांदा कळले तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि आजही तो शब्द ऐकला की क्षणभर थांबायला होते.

परंतु भाषेचे नाते सिद्ध झाले म्हणून नृत्याचे नाते आपोआप सिद्ध होत नाही. आज आपण पाहतो त्या कथकाची घडण लखनऊ आणि जयपूरच्या दरबारांत रोमा लोक निघून गेल्यानंतर कितीतरी शतकांनी झाली. रोमा लोक इराण, बायझंटाइन प्रदेश आणि बाल्कन भाग ओलांडत युरोपात पसरले. हंगेरीत, रुमानियात त्यांचे स्वतःचे समृद्ध संगीत आहे, पण फ्लामेंको तेथे जन्मला नाही. तो केवळ आंदालुसियात जन्मला, म्हणजे त्या मातीचा आणि तेथील इतर समाजांचा वाटा अनिवार्य होता. पायांचे बोल, मात्रांची आवर्तने, गिरकीनंतरचा थांबा यांतले साम्य पाहून कथकच्या विद्यार्थिनींना आपलेपणा वाटतो आणि तो खराच आहे, पण त्यावरून ‘फ्लामेंको हे कथकचेच रूप’ असे म्हणणे आंदालुसियातील गरीब वस्त्यांनी दोनशे वर्षांत जे घडवले त्यावर अन्याय करणारे आहे.

घरातली कला रंगमंचावर कशी आली?

‘काफे कांतान्ते’ या गाण्याच्या उपाहारगृहांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेव्हिल, हेरेस, मालागा, माद्रिद अशा शहरांत ती निघाली. सिल्वेरिओ फ्रांकोनेत्ती या थोर गायकाने १८८१ मध्ये सेव्हिलमध्ये स्वतःच्या नावाचे काफे उघडले, आणि त्याच वर्षी आंतोनिओ माचादो इ आल्वारेस यांनी फ्लामेंकोच्या गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढे स्पेनचे मोठे कवी ठरलेल्या माचादो बंधूंचे ते वडील. तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर गाणे हा व्यवसाय झाला, गायकांत चुरस लागली, गिटारची साथ नेमकी होत गेली आणि नृत्याला लाकडी मंच मिळाल्यामुळे पदन्यास खुलला. सेव्हिल आणि हेरेसच्या काफेंत नावारूपाला आलेली ला माकार्रोना ही नर्तकी १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनातही नाचली.

१९२२ च्या ग्रानादा स्पर्धेचा उल्लेख सगळीकडे येतो. तेथे काय घडले?

संगीतकार मानुएल दे फाया आणि तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा असलेला कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी इतर कलावंतांच्या साथीने १३ आणि १४ जून १९२२ रोजी ग्रानादाच्या आलांब्रा परिसरातील चौकात ‘कांते होंदो’, म्हणजे खोल गाण्याची, स्पर्धा भरवली. धंदेवाईक सादरीकरणामुळे जुने गाणे बिघडत चालले आहे, अशी त्यांची कळकळ होती, म्हणून व्यावसायिक गायकांना त्यांनी दूर ठेवले. मोठी बक्षिसे दोन टोकांच्या वयाच्या गायकांना मिळाली. एक होता सत्तरीच्या आसपासचा दिएगो बेर्मुदेस, ‘एल तेनासास’ या नावाने ओळखला जाणारा, जो स्पर्धेसाठी दूरच्या गावाहून चालत आला अशी आख्यायिका आहे. दुसरा होता बारा-तेरा वर्षांचा मानोलो काराकोल, जो पुढे स्पेनच्या सर्वांत लोकप्रिय गायकांपैकी एक झाला.

फाया यांचे प्रेम खरे होते, पण त्यांचे निदान मला पटत नाही. ज्या गाण्याला ते वाचवू पाहत होते त्याचे आकार पुष्कळ अंशी काफेंतील व्यावसायिक गायकांनीच घडवले होते, आणि स्पर्धेच्या परीक्षक मंडळाचे प्रमुख आंतोनिओ चाकोन हे स्वतः त्याच परंपरेतले दिग्गज होते. स्पर्धेचा खरा लाभ वेगळा झाला. शिकलेल्या वर्गाने ज्या कलेला दारूच्या गुत्त्याशी जोडून हिणवले होते, तिच्याकडे देशातील अव्वल संगीतकार आणि कवी आदराने पाहतात, हे जाहीरपणे दिसले.

त्यानंतरच्या काळात काय झाले?

यादवी युद्ध झाले, १९३६ मध्ये लोर्काची हत्या झाली आणि फ्रँकोची दीर्घ राजवट आली. त्या राजवटीने पर्यटकांसाठी फ्लामेंकोचे रंगीत, निरुपद्रवी रूप पुढे केले. ठिपक्यांचा झगा आणि हसरा चेहरा ही जाहिरातीतली प्रतिमा त्याच काळाची देणगी आहे. तरीही १९५० च्या दशकात माद्रिदमध्ये सुरू झालेल्या ताब्लाओंनी शेकडो कलाकारांना रोजचे काम दिले, आणि आंतोनिओ मायरेना या गायकाने घराघरांत लपलेली जुनी गाणी शोधून ती पुन्हा उजेडात आणली. सत्तरच्या दशकात गायक कामारोन दे ला इस्ला आणि गिटारवादक पाको दे लुसिया या जोडीने सगळे चित्र पालटले. कामारोन १९९२ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याचा फाटका, तरीही सुरात रुतून बसणारा आवाज आजही हेरेसच्या गल्ल्यांत तरुण मुले अनुकरतात. मंचावर हमखास दिसणारी ‘काहोन’ ही बसायची लाकडी पेटी पेरू देशातील आहे आणि पाको दे लुसिया यांच्या वाद्यमेळातून ती सत्तरच्याच दशकात फ्लामेंकोत आली, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. १६ नोव्हेंबर २०१० रोजी युनेस्कोने फ्लामेंकोचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

‘पालो’ म्हणजे राग का?

रागही नाही आणि तालही नाही. दोन्हींचा थोडा थोडा अंश त्यात आहे. पालो म्हणजे गाण्याचा प्रकार. प्रत्येक पालोची मात्रांची चौकट, स्वरांची चाल, भाव आणि पुष्कळदा एखादे गाव ठरलेले असते. सोलेआ गंभीर आणि संथ; सिगिरिया सर्वांत शोकमग्न; आलेग्रियास कादिसची, समुद्राच्या उजेडाची; बुलेरियास हेरेसची, द्रुत आणि खट्याळ; तांगोस चार मात्रांचे, ज्यांचा अर्जेंटिनाच्या जोडीनृत्याशी घोटाळा करू नये. मालागेन्या आणि खाणकामगारांची तारांता मुक्त लयीत गायली जातात, आपल्या आलापासारखी. तोना आणि मार्तिनेते यांना गिटारही नसते. मार्तिनेतेचे नाव लोहाराच्या हातोड्यावरून आले आहे, आणि मंचावर कधी कधी ऐरणीवर पडणाऱ्या घणाचा ठेका सोबतीला घेतात. पवित्र सप्ताहात मिरवणूक थांबवून सज्जातून मूर्तीला उद्देशून गायली जाणारी ‘सायेता’ ही याच कुळातली.

स्वरांविषयी एक गोष्ट मराठी श्रोत्याने आधीच जाणून घ्यावी. पुष्कळ पालोंचे स्वर आपल्या भैरवीच्या जवळ जातात: कोमल रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद, आणि षड्जावर उतरताना रिषभावरून येणारी ती ओळखीची घसरण. फरक इतकाच की गिटारचा शेवटचा स्वरमेळ बहुधा शुद्ध गंधार घेऊन वाजतो. आपल्या कानाला भैरवी म्हणजे मैफलीची सांगता, त्यामुळे पहिल्याच गाण्याला काहीतरी संपत आल्याची हुरहूर लागते. माझ्या बाबतीत तरी ती कधीच पूर्णपणे गेलेली नाही.

मला मात्रा मोजता येतात, पण येथे सम सापडत नाही. असे का?

कारण आपण ती पहिल्या मात्रेवर शोधतो. फ्लामेंकोच्या लयीच्या चौकटीला ‘कोंपास’ म्हणतात. सोलेआ, आलेग्रियास आणि बुलेरियास यांचा कोंपास बारा मात्रांचा आहे, पण एकतालाप्रमाणे त्याचे दोन-दोनचे सहा सारखे विभाग पडत नाहीत. आघात येतात ते तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे आधी तीन-तीनचे दोन विभाग आणि मग दोन-दोनचे तीन. तिनाच्या चालीत रमलेला कान अचानक दोनाच्या चालीत खेचला जातो, आणि त्या खेचण्यातच सगळी गंमत आहे. गायकाची ओळ, गिटारचा तुकडा किंवा नर्तकीचा पदन्यास यांचा शेवट दहाव्या मात्रेवर येऊन आदळतो. अकरा आणि बारा या दोन मात्रा श्वासाच्या असतात.

हे मला पुस्तकातून समजले नव्हते. हेरेसमधील एका ‘पेन्या’मध्ये, म्हणजे रसिकांनी चालवलेल्या मंडळाच्या छोट्या खोलीत, माझ्या शेजारच्या टेबलावर टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. समोर ध्वनिक्षेपकाशिवाय सोलेआ चालली होती आणि ते मुठीच्या पेरांनी टेबलावर अगदी हलके ठोके देत होते. दहाव्या मात्रेला त्यांची मूठ उघडे आणि तळहात लाकडावर सपाट टेकून राही, दोन मात्रांपुरता. मग पुन्हा मूठ. गायकाने ओळ लांबवली तरी तो हात ठरल्या जागीच टेके, आणि गायकही बरोबर तेथेच येऊन थांबे. अर्धा तास मी मंचाकडे पाहिलेच नाही, त्या हाताकडे पाहत होतो.

सिगिरियाचा कोंपासही बारा मात्रांचाच आहे, पण तोच क्रम दुसऱ्या ठिकाणापासून सुरू होतो: दोन, दोन, तीन, तीन, दोन. पाच असमान पावले, त्यातली दोन लांब. मोजण्यापेक्षा ‘ऱ्हस्व, ऱ्हस्व, दीर्घ, दीर्घ, ऱ्हस्व’ असे वृत्तासारखे मनात म्हणून पाहावे. ज्यांना शाळेत गण पाडण्याची सवय होती त्यांना ते लवकर साधते.

गायकांचा आवाज इतका घोगरा का असतो? तो गोड का नसतो?

गोडवा हे तेथे एकमेव मूल्य मानलेले नाही. खरखरीत, दुखरा आवाज हितानो गायकीत विशेष मोलाचा मानतात, कारण शब्दाचे वजन त्याला पेलते. अर्थात स्वच्छ, दाणेदार आवाजाचीही मोठी परंपरा आहे. चाकोन तिचे मेरुमणी. आणि या दोन्ही टोकांना कवेत घेणारी पास्तोरा पावोन, ‘ला निन्या दे लोस पेइनेस’, होती. १८९० ते १९६९ या तिच्या आयुष्यात तिने जे ध्वनिमुद्रित केले त्या आवाजाला आंदालुसियाच्या सरकारने १९९९ मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिले.

नृत्य चालू असताना नेमके काय पाहावे?

नर्तकी ऐकते कशी, ते पाहावे. बहुतेक कार्यक्रमांत नृत्य बसवलेले असते असा प्रेक्षकांचा समज असतो. मोठ्या नाट्यगृहातील निर्मितीत तो खरा आहे. ताब्लाओमध्ये मात्र सकाळपर्यंत एकमेकांना न भेटलेले कलाकारही रात्री एकत्र उभे राहू शकतात, कारण सर्वांना तीच व्याकरणाची चौकट ठाऊक असते.

आलेग्रियासचे उदाहरण घेऊ. गिटार सुरुवात करते. गायक ‘तिरितित्रान तान तान’ अशा निरर्थक अक्षरांनी पट्टी आणि वातावरण बांधतो. आपल्याला तराणा आठवतो. नर्तकी मंचावर येते आणि पायांनी एक जोरकस हाक देते. या हाकेला ‘यामादा’ म्हणतात आणि ती गायकासाठी असते: आता गा. गायक ‘लेत्रा’ म्हणजे गीताचे कडवे सुरू करतो. त्या वेळी पाय जवळजवळ निःशब्द होतात, हे मुद्दाम पाहावे. चांगली नर्तकी शब्दांवर ठोके मारत नाही. ती हातांनी, मनगटांनी आणि खांद्यांनी ओळीसोबत चालते, आणि ओळ संपते त्या नेमक्या फटीत दोन-तीन मात्रांचा एक तुकडा पायांनी टाकून ओळीला कुलूप लावते. याला ‘रेमाते’ म्हणतात. गायकाने ओळ अपेक्षेपेक्षा लांबवली तर तिला थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात तिचा सगळा कस दिसतो. दोन कडव्यांनंतर गिटार मंद होते आणि शांत, लांबट हालचालींचा भाग येतो. मग येते ‘एस्कोबिया’, केवळ पायांचा विस्तार, संथ लयीतून द्रुत लयीकडे चढत जाणारा. बुटांच्या चवड्याला आणि टाचेला बारीक खिळे दाटीने ठोकलेले असतात, त्यामुळे चवडा, टाच आणि सपाट तळवा यांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. प्रेक्षक येथे टाळ्यांचा कडकडाट करतात. तो मिळायलाच हवा, पण मला विचाराल तर त्याआधीचे ते ओळीच्या शेवटचे दोन मात्रांचे कुलूप अधिक अवघड आहे.

पायांच्या वेगाची जी अपेक्षा आज नर्तकींकडून केली जाते, तिचे श्रेय फार मोठ्या प्रमाणावर कार्मेन आमायाला जाते. बार्सिलोनाच्या किनाऱ्यावरील झोपडपट्टीत जन्मलेल्या या हितानो मुलीने पुरुषी मानला जाणारा पदन्यास आत्मसात केला, पँट घालून नाचली आणि १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत जगभर गाजली.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात का? ‘ओले’ म्हणावे का?

ठेक्यावर टाळ्या वाजवू नयेत. मंचावरच्या पाल्मास दोन प्रकारच्या असतात: तळहात पोकळ ठेवून दिलेल्या दबक्या, ज्या गाण्याखाली चालतात, आणि बोटे तळव्यावर मारून काढलेल्या खणखणीत, ज्या पदन्यासाला उचलून धरतात. एक जण मात्रेवर आणि दुसरा मात्रांच्या मधल्या जागेत टाळी देतो. या विणीत प्रेक्षागृहातून उत्साहाने पडलेली टाळी म्हणजे तबल्याच्या सोलो वादनात कुणीतरी खुर्चीवर ताल धरावा तसे आहे.

दाद मात्र अवश्य द्यावी. तिला ‘हालेओ’ म्हणतात आणि ती मैफलीचा भाग आहे. ‘ओले’ हा शब्द आपल्या ‘क्या बात है’प्रमाणे जागा आली की निघतो, ओळ संपताना, रेमातेच्या क्षणी. कलाकार एकमेकांना ‘आग्वा!’ असेही म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ पाणी. जागा ओळखता येईपर्यंत गप्प बसलेले चांगले.

नर्तकीच्या हातात कॅस्टनेट नव्हते. तो अस्सल फ्लामेंको नव्हता का?

होता. कॅस्टनेट मुख्यतः स्पेनच्या लोकनृत्यांतून आणि अकादमीच्या नृत्यशैलीतून आले आहेत. जुन्या फ्लामेंकोत हात मोकळे असतात, कारण मनगट आणि बोटांची फिरत हे नृत्याचे अर्धे सौंदर्य आहे. सेव्हिलच्या जत्रेत घरोघरचे लोक जोडीने नाचतात ती ‘सेव्हियानास’ही लोकनृत्यच आहे, ती अवश्य शिकावी, पण तिला फ्लामेंकोचा पाया समजू नये.

गिटार नेहमीपेक्षा वेगळी का वाटते?

तिचे अंग परंपरेने सायप्रसच्या हलक्या लाकडाचे असते आणि तारा पट्टीच्या जवळ बसवलेल्या असतात, त्यामुळे आवाज तीक्ष्ण येतो आणि पटकन विरतो. गायकाच्या वाटेत तो रेंगाळत नाही. पोटावर एक पातळ पट्टी चिकटवलेली असते, कारण वादक बोटांनी लाकडावर ठोकेही देतो. दांड्यावर लावलेला चिमटा गायकाच्या पट्टीप्रमाणे वर-खाली सरकवतात. आपला गायक ‘काळी दोन’ सांगतो, तसा तेथील गायक बसता बसता ‘चौथ्या घरात’ असे सांगतो आणि वादक न बोलता चिमटा सरकवतो. गाणे चालू असताना वादकाची नजर गायकाच्या तोंडावर खिळलेली असते, हेही पाहण्यासारखे आहे.

भाषा समजत नाही. गाणे कसे समजेल?

लेत्रा तीन-चार ओळींची असते, ओळीत बहुधा आठ अक्षरे. इतक्या थोड्या जागेत आईचा मृत्यू, फसलेले प्रेम किंवा उपाशी रात्र मावते. आपल्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे आटोपशीरपण परके वाटणार नाही. तेथेही कवीचे नाव माहीत नसते आणि दुःख मात्र नेमके असते. आधी दहा-बारा लेत्रांचे अर्थ वाचून गेल्यास ‘आई’, ‘वाट’, ‘मरण’, ‘पाणी’ असे वारंवार येणारे शब्द कानाला ओळखू येतात. तेवढे पुरते.

अस्सल कार्यक्रम कोठे पाहावा?

ताब्लाओला कमी लेखू नये. माद्रिदमधील १९५६ पासूनचे कोर्राल दे ला मोरेरिया किंवा सेव्हिलमधील १९६६ पासूनचे लोस गायोस येथे मोठमोठे कलाकार नाचले-गायले आहेत. मात्र खोली लहान असावी, गाणे प्रत्यक्ष असावे आणि गायकाचे नाव जाहिरातीत असावे, या तीन गोष्टी पाहून तिकीट काढावे. एका ठिकाणी मी जेवणासह महागडे तिकीट काढून बसलो आणि गिटार ध्वनिमुद्रित निघाली. नर्तकी गुणी होती, पण ऐकायला तिच्यासमोर कोणीच नव्हते, आणि ती बिचारी यंत्राच्या मागे धावत राहिली. शक्यतो पहिल्या दोन रांगांत बसावे, कारण मागून पाय दिसत नाहीत आणि लाकडाचा कंप तळपायाला जाणवत नाही.

पेन्यांचे कार्यक्रम उशिरा सुरू होतात आणि तेथे बाहेरच्यांचे मनापासून स्वागत होते. ग्रानादातील ला प्लातेरिया ही १९४९ मध्ये स्थापन झालेली पेन्या सर्वांत जुनी मानली जाते. त्याच शहरातील साक्रोमोंते टेकडीवरच्या गुहांत हितानो लग्नांतील नाचांची परंपरा आहे. १९६३ च्या अतिवृष्टीनंतर तेथील बहुतेक कुटुंबांना हलवले गेले, तरी काही गुहांत सादरीकरण चालू आहे. हेरेसचा महोत्सव फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो आणि तो मुख्यतः नृत्याचा. सेव्हिलचा ‘बिएनाल’ हा महोत्सव १९८० पासून दर दोन वर्षांनी भरतो.

‘दुएंदे’ म्हणजे काय?

लोर्काने १९३३ मध्ये ब्वेनोस आइरेस येथे दिलेल्या व्याख्यानामुळे हा शब्द जगभर गेला आणि आता तो जाहिरातींतही सापडतो. गाणे गायकाच्या ताब्यातून निसटून त्याच्यावर स्वार होते त्या अवस्थेला हा शब्द वापरतात. हेरेसमध्ये मी तो कुणाच्या तोंडून फारसा ऐकला नाही. तेथे लोक गप्प होतात, किंवा हळू आवाजात ‘ओले’ म्हणतात.

शेवटी सगळेच का नाचू लागतात?

त्याला ‘फिन दे फिएस्ता’ म्हणतात. सर्व कलाकार ध्वनिक्षेपक सोडून मंचाच्या पुढच्या कडेला अर्धवर्तुळात उभे राहतात आणि बुलेरियास सुरू होते. एकेक जण मध्ये येऊन एका कडव्यापुरता नाचतो. नर्तकीने गावे, गायकाने नाचावे, असा हा भाग आहे. सबंध रात्र खुर्चीवर बसून गायलेला स्थूल, साठीचा कांताओर उठतो, कोटाची एक बाजू दोन बोटांत धरतो, चार पावले टाकतो आणि दहाव्या मात्रेवर असा काही थांबतो की तासभर नाचलेल्या नर्तकीही ओरडून दाद देतात. त्याला पायांचे कसब फारसे येत नसते. तो आयुष्यभर ऐकत आलेला असतो. मग नाचता नाचताच एकेक जण पडद्याआड जातो, टाळ्या आतून ऐकू येत राहतात आणि मंचावर गिटारवादकाची रिकामी खुर्ची उरते.